वंशावळीतील दुवा आणि त्याचे प्रमाण : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयप्रवेश

आपल्या घराण्याची वंशावळ जुळवावी, मूळ पुरुषाचा शोध घ्यावा आणि हाती आलेली माहिती पुढील पिढीच्या स्वाधीन करावी, ही हौस महाराष्ट्राला नवी नाही. वतनदारांच्या दप्तरांत वंशावळी पूर्वीपासून होत्या. विसाव्या शतकात त्यांच्या जोडीला छापील कुलवृत्तान्त आले. आज तर निवृत्त शिक्षक, वकील, शेतकरी, परगावी स्थायिक झालेला नोकरदार असा कोणीही हे काम हाती घेतो. या कामाला लागणारी चिकाटी मोठी असते आणि तिच्या मागे द्रव्यलाभाची इच्छा क्वचितच असते. त्यामुळे अशा प्रयत्नांकडे तुच्छतेने पाहणे योग्य ठरणार नाही. तथापि कौतुक केल्याने समीक्षेचे कर्तव्य संपत नाही.

विद्यापीठीय प्रबंधाला परीक्षक असतो, नियतकालिकातील लेखाला संपादक असतो. हौशी वंशसंशोधकाला यांपैकी कोणीच नसतो. त्याचे वाचक म्हणजे बहुधा त्याचे आप्तच. त्यांना घराण्याची थोरवी ऐकावयाची असते. पुरावा मागण्याचा संकोच वाटतो. अशा स्थितीत काटेकोरपणाचे सारे ओझे एका व्यक्तीच्या सद्सद्विवेकावर पडते. म्हणून हौशी संशोधकाने स्वतःसाठी कोणते प्रमाण मानावे, हा प्रश्न वैयक्तिक आवडीनिवडीचा राहत नाही. तो ज्ञानव्यवहाराचा प्रश्न होतो.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे प्रमेय असे : वंशावळीचे एकक नाव हे नसून दोन नावांमधील दुवा हे आहे. ‘अमुक हा तमुकाचा पुत्र’ किंवा ‘अमुक ही तमुकाची कन्या’ असे प्रत्येक विधान स्वतंत्र असून त्याला स्वतंत्र आधार लागतो. ज्या दुव्याला आधार नाही तो तुटलेला दाखविणे हीच त्या वंशावळीची प्रामाणिकता होय. या प्रमेयाची परीक्षा वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात करण्याचे कारण असे की, वंशावळीतील एका प्रसिद्ध चुकीचे निराकरण करणारा पुरावा याच नगरात उजेडात आला.

२. कुलवृत्तान्ताचे गुणदोष

कुलवृत्तान्त हा ग्रंथप्रकार प्रामुख्याने कोकणस्थ घराण्यांनी वाढविला. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, स्थलांतर, त्यानंतर वंशवृक्ष आणि प्रत्येक व्यक्तीची त्रोटक माहिती अशी त्याची सामान्य रचना असते. मॉरीन पॅटर्सन या अमेरिकन विदुषीने १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात चित्पावनांच्या कुलवृत्तान्तांचा समाजरचना व सामाजिक परिवर्तन यांच्या अभ्यासाचे साधन म्हणून विचार केला. हौसेने जमविलेली माहिती समाजशास्त्राला उपयोगी पडू शकते, याचा हा चांगला दाखला आहे. शिक्षण, व्यवसाय, स्थलांतर, विवाहसंबंध यांच्या नोंदी शासकीय दप्तरात इतक्या सलगपणे एकत्र मिळत नाहीत.

या ग्रंथांतील एक प्रथा विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या शाखांचा परस्परसंबंध सिद्ध होत नाही त्या गावाच्या नावाने निरनिराळी ‘घराणी’ म्हणून छापल्या जातात. आडनाव एक, गोत्र एक, कुलदैवतही एक. तरीही संपादक त्यांना ओढूनताणून एका मूळ पुरुषाखाली बसवीत नाही. हा संयम म्हणजेच प्रमाणबुद्धी होय. मात्र त्याच ग्रंथांच्या आरंभीच्या प्रकरणात हा संयम पुष्कळदा ढळलेला दिसतो. तेथे पुराण, दंतकथा आणि इतिहास एकाच सुरात सांगितले जातात, आणि भाषाही एकदम संस्कृतप्रचुर होते. ज्या संपादकाने चार पिढ्यांपूर्वीचा संदिग्ध दुवा जोडण्याचे नाकारले, तोच चाळीस पिढ्यांपूर्वीच्या ऋषीशी नाते निःशंकपणे जोडतो. ही विसंगती वाचकाने ध्यानात ठेवली पाहिजे.

३. वत्सगुल्माचा दाखला

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेच्या वंशावळीचा इतिहास हौशी संशोधकाने मुद्दाम अभ्यासावा असा आहे.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याचा शिलालेख आहे. त्यात वाकाटकांची वंशावळ श्लोकबद्ध केली आहे. परंतु लेख जीर्ण झाल्याने काही अक्षरे पुसट तर काही सर्वस्वी नष्ट झाली आहेत. डॉ. भाऊ दाजी, पंडित भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर या तिघांनी एकोणिसाव्या शतकात या लेखावर परिश्रम केले. यांपैकी भाऊ दाजी हे व्यवसायाने वैद्य होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. त्या काळच्या वाचनात प्रवरसेनानंतरच्या पुसट नावांच्या जागी रुद्रसेन व पृथिवीषेण ही नावे आली. असे होणे स्वाभाविक होते. चम्मक आणि शिवनी येथील ताम्रपटांवरून रुद्रसेन व पृथिवीषेण हे वाकाटक राजे विद्वानांना परिचित झालेले होते. अक्षरे दिसेनाशी झाली म्हणजे डोळा परिचित नावच पाहतो. वास्तविक त्या ताम्रपटांत रुद्रसेन हा प्रवरसेनाचा नातू असून मध्ये गौतमीपुत्राची पिढी आहे. पिढ्यांचा हा हिशेब जुळत नव्हता. परंतु दुसरे नाव माहीतच नसल्याने अनुमान टिकून राहिले.

१९३९ साली वाशीम येथे विंध्यशक्ती (द्वितीय) या राजाचा ताम्रपट उजेडात आला. तो वत्सगुल्म येथून, राजाच्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी दिलेला आहे. त्यात दात्याने आपला पिता सर्वसेन व पितामह प्रवरसेन यांची नावे स्पष्ट दिली आहेत. यवतमाळच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे व द. ब. महाजन यांनी हा ताम्रपट विद्वानांपुढे आणला. त्याच्या प्रकाशात वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. ज्या जागी रुद्रसेन वाचले गेले होते तेथे सर्वसेन, आणि पृथिवीषेणाच्या जागी विंध्यसेन असे वाचन निश्चित झाले. १९४१ साली त्यांचे संशोधित वाचन प्रसिद्ध झाले; १९५७ च्या ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ या मराठी ग्रंथात व १९६३ च्या वाकाटक लेखसंग्रहात या निष्कर्षांना स्थिर रूप मिळाले.

या दुरुस्तीचा परिणाम दोन नावांपुरता नव्हता. प्रवरसेनानंतर वाकाटकांच्या शाखा झाल्या व त्यांपैकी एक वत्सगुल्म येथे नांदली, हे तत्त्वच त्यामुळे प्रस्थापित झाले. हरिषेण हा ज्येष्ठ शाखेचा वारस नसून वत्सगुल्म शाखेचा होता. ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता म्हणून साहित्यशास्त्रकारांना ठाऊक असलेल्या सर्वसेन राजालाही वंशवृक्षात आपले स्थान मिळाले. एक चुकीचा दुवा सुटला तेव्हा संपूर्ण झाडाचा आकार बदलला.

यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, परिचित नावाचे आकर्षण थोर विद्वानालाही चुकवू शकते. मग आपल्याच आजोबापणजोबांची नावे शोधणाऱ्या हौशी संशोधकाने किती सावध असावे! दुसरी अशी की, चूक सुधारता आली याचे कारण मूळ लेख जागच्या जागी होता, त्याचे ठसे घेता येत होते आणि पूर्वीच्या वाचनांशी तो ताडून पाहता येत होता. अनुमान मूळ पुराव्याला चिकटून नाहीसे झाले नव्हते. तिसरी अशी की, निर्णायक ठरला तो समकालीन दस्तऐवज. स्वतः विंध्यशक्तीने आपल्या पित्याचे नाव सांगितले आहे. त्याच्या नंतर अनेक पिढ्यांनी, दुसऱ्याच्या सचिवाने रचलेल्या श्लोकांपेक्षा या विधानाचे मोल निराळे आहे.

भाषेच्या दृष्टीनेही हा ताम्रपट मननीय आहे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात असून दानाचा व्यावहारिक भाग प्राकृतात आहे. कुलगौरव सांगताना प्रतिष्ठेची भाषा वापरण्याची ही प्रवृत्ती आधुनिक कुलवृत्तान्तापर्यंत पोचली आहे. परंतु भाषा उंचावली म्हणून माहिती खोटी ठरत नाही. या ताम्रपटाचा संस्कृत भागच खरा ठरला. भाषेची पातळी बदलणे ही केवळ थांबून आधार विचारण्याची खूण आहे.

४. दप्तराची परिभाषा

सर्वसामान्य घराण्याच्या वाट्याला ताम्रपट येत नाहीत. त्याची मदार महसुली कागद, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, खरेदीखते व वाटणीपत्रे यांवर असते. हे कागद कोठे शोधावे याला प्रशासनाचा इतिहास माहीत असावा लागतो. वऱ्हाडात वाशीम हा एकेकाळी स्वतंत्र जिल्हा होता व पुसद तालुका त्यात मोडत असे. १९०५ साली तो मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे आणि पुसद आजच्या यवतमाळ जिल्ह्याकडे गेला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला. इंग्रजी दप्तरात याच गावाचे नाव ‘बासिम’ असे येते. एकाच घराण्याचे कागद तीन ठिकाणी विखुरलेले असणे म्हणूनच अशक्य नाही. आणि एका ठिकाणी नोंद मिळाली नाही म्हणून ती व्यक्तीच नव्हती, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

कागद हाती आल्यावर त्याची परिभाषा कळली पाहिजे. वऱ्हाडच्या जुन्या नोंदींत ‘गणू वल्द तुकाराम’ असे लिहिलेले आढळते. अरबीतून आलेला ‘वल्द’ हा शब्द पुत्रवाचक आहे. पश्चिम महाराष्ट्रात त्याच स्थानी ‘बिन’ येतो. विवाहित स्त्रीच्या नावापुढे ‘जौजे’ किंवा ‘भ्रतार’ येते व त्यानंतरचे नाव पतीचे असते. हे शब्द न कळल्याने पतीला पिता समजण्याची चूक घडते आणि सून मुलगी म्हणून वृक्षावर चढते.

याहून अधिक घोटाळा संक्षेपांमुळे होतो. ‘अ. पा. क.’ म्हणजे ‘अज्ञान पालन कर्ता’. अल्पवयीन खातेदाराचा पालक. समजा, ‘गणू वल्द तुकाराम, अ. पा. क. सखाराम’ अशी नोंद आहे. येथे सखाराम हा गणूचा चुलता असेल, मामा असेल, आजोबाही असेल; एवढे मात्र खरे की तो त्याचा पिता म्हणून नोंदलेला नाही. उतारा नकलताना ‘वल्द तुकाराम’ एवढा भाग गळला की सखाराम हा पिता होऊन बसतो. त्याचप्रमाणे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशा नोंदीत थोरल्या भावाचेच नाव लागते. धाकटे भाऊ जमिनीच्या कागदावरून अदृश्य होतात. कागदावर एक नाव आहे म्हणून पिढीत एकच पुत्र होता, असे मानणारी वंशावळ त्या भावांच्या संततीला घराण्याबाहेर टाकते.

मोडी कागदांची अडचण निराळी आहे. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही. नकलकाराने बाळबोधीत उतरविलेले नाव हे वस्तुतः त्याचे वाचन असते, मूळ नव्हे. कालगणनेतही हीच दक्षता हवी. शालिवाहन शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ व त्यानंतर फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. सुहूर सनात ५९९ किंवा ६००. मिती न पाहता सरसकट एकच आकडा मिळवला तर एक वर्षाची चूक होते, आणि कधी कधी तेवढ्याने पित्याचा मृत्यू पुत्राच्या जन्माच्या फार आधी जाऊन बसतो. अशा वेळी मूळ मिती जशीच्या तशी देऊन रूपांतर शेजारी लिहावे, म्हणजे पुढील वाचकाला हिशेब तपासता येतो.

५. नामसाम्याचा मोह

वंशावळीतील बहुसंख्य चुका नावांच्या सारखेपणातून उद्भवतात. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. त्यामुळे ‘केशव विठ्ठल’ व ‘विठ्ठल केशव’ ही नावे आळीपाळीने पिढ्यान्पिढ्या येत राहतात. दोन कागदांतील ‘विठ्ठल केशव’ एकच मानला तर मधल्या दोन पिढ्या गळतात. एकच असताना दोन मानले तर दोन पिढ्या वाढतात. मराठीतील व्यक्तिनाम, पितृनाम व आडनाव ही रचना प्रत्येक नोंदीत एक दुवा आपोआप देते, हे तिचे मोठे वैशिष्ट्य होय. परंतु याच सोयीमुळे संशोधक गाफील राहतो. काळ, गाव, शेत व सहहिस्सेदार यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याखेरीज नामसाम्याला महत्त्व देऊ नये.

आडनावांच्या बाबतीत मोह अधिक प्रबळ असतो. देशमुख, देशपांडे, पाटील ही मुळात पदनामे आहेत. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणत. ते पद अनेक तांड्यांत होते. तेव्हा पदनाम समान असणे हा रक्तसंबंधाचा पुरावा होऊ शकत नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. या समाजात राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही नावे आहेत. हीच नावे अन्य समाजांतही आहेत. या साम्यावरून थेट राजकुलांशी नाते जोडणारी विधाने वाचावयास मिळतात. नाव एका समाजातून दुसऱ्यात कसे जाते हा भाषेच्या इतिहासाचा प्रश्न आहे. व्यक्तीचा पिता कोण होता या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

नावावरून पूर्वज निर्माण करण्याची प्रवृत्ती किती जुनी आहे, हे वत्सगुल्म या नावाच्याच इतिहासात दिसते. कामसूत्रावरील जयमंगला टीकेत दक्षिणापथातील वत्स व गुल्म या दोन सहोदर राजपुत्रांवरून त्या प्रदेशास हे नाव पडल्याचे सांगितले आहे. स्थानिक परंपरा वत्स ऋषीशी नाव जोडते. एका नावाच्या दोन व्युत्पत्त्या आणि दोन्हींत नावाला साजेसा पुरुष तयार! व्युत्पत्तिशास्त्र येथे मर्यादितच मदत करते. संस्कृत ‘वत्स’, प्राकृत ‘वच्छ’ आणि मराठी ‘वास’ ही परंपरा नियमित आहे. ‘वासरू’ या शब्दात ती दिसते, आणि ‘मत्स्य’, ‘मच्छ’, ‘मासा’ ही तिची समांतर साखळी आहे. राजशेखराच्या वेळी ‘वच्छोम’ असे प्राकृत रूप प्रचारात होते. परंतु या ध्वनिपरंपरेवरून सिद्ध होते ते गावाच्या नावाचे सातत्य. वत्स नावाचा पुरुष तिच्यातून जन्म घेत नाही. ‘अमुककर’ आडनावावरून ‘अमुक’ गावी आपला मूळ पुरुष राहत होता असे मानणाऱ्याने हा भेद लक्षात ठेवावा. एका नावाची अनेक गावे असतात.

६. मौखिक परंपरा व तिची परीक्षा

वरील विवेचनावरून केवळ कागदच प्रमाण, असा समज होऊ नये. ज्यांच्या पूर्वजांच्या नावे जमीन नव्हती, ज्यांना शाळेत प्रवेश नव्हता, त्यांचा इतिहास कागदावर उशिरा आला. त्यांना मौखिक परंपरेचाच आधार आहे. भाटांच्या वह्या, बंजारा समाजातील ढाडींची गायनपरंपरा, दक्षिण महाराष्ट्रातील हेळव्यांचे कथन, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या या साऱ्यांत मौल्यवान माहिती असते. मात्र प्रत्येकीचे मोल एकसारखे नाही. तीर्थोपाध्यायाच्या वहीत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली पिता व पितामह यांची नावे बरीच विश्वसनीय असतात. त्यापलीकडची नावे त्याने ऐकलेली असतात. भाटाला यजमानाकडून बिदागी मिळावयाची असते, हेही विसरता येत नाही. जुन्या वतनाच्या तंट्यांतील करीने व कैफियती लेखी असल्या तरी पक्षकाराने आपल्या हक्कासाठी दिलेल्या असतात. सांगणारा कोण, त्याला कसे ठाऊक आणि सांगण्यात त्याचा लाभ कोणता, हे तीन प्रश्न कागदालाही विचारावे लागतात आणि वाणीलाही.

परंपरागत यादी कशी तपासावी याचा आदर्श याच जिल्ह्याशी निगडित आहे. कारंजा येथे दिगंबर जैन भट्टारकांची पीठे होती व तेथील शास्त्रभांडारे हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध आहेत. भट्टारकांच्या पट्टावली म्हणजे गुरुशिष्यांच्या वंशावळीच होत. विद्याधर जोहरापूरकर यांनी ‘भट्टारक संप्रदाय’ (१९५८) या ग्रंथात निरनिराळ्या पीठांची परंपरा मांडताना मूर्तिलेख, ग्रंथप्रशस्ती व पट्टावली ही साधने एकत्र आणली. पट्टावलीतील भट्टारकाचे नाव मूर्तीच्या पीठावर संवतासह कोरलेले सापडले, म्हणजे त्या दुव्याला स्वतंत्र साक्षीदार मिळतो. परंपरेचा अवमान न करता तिची परीक्षा करता येते, हे या पद्धतीने दाखविले आहे.

७. हौशी संशोधकाची कसोटी

पाश्चात्त्य देशांतही वंशसंशोधनाला प्रमाणाची शिस्त सहजासहजी लागली नाही. इंग्लंडमध्ये होरेस राउंड यांनी ‘पीअरेज अँड पेडिग्री’ (१९१०) सारख्या ग्रंथांतून उमरावांच्या अनेक कल्पित वंशावळींचे वाभाडे काढले. अमेरिकेत डोनाल्ड लाइन्स जेकोबस यांनी १९३० साली वंशसंशोधनाचा विरंगुळा व व्यवसाय अशा दोन्ही अंगांनी विचार करणारे पुस्तक लिहिले. १९६४ साली तेथे वंशसंशोधकांना प्रमाणपत्र देणारे मंडळ स्थापन झाले. आपल्याकडे असे मंडळ नसले तरी विचार नवीन नाही. अस्सल कागदावाचून विधान करू नये, हा वि. का. राजवाडे यांनी घालून दिलेला धडा इतिहासाच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. तो घराच्या उंबऱ्याच्या आत लागू करावयाचा एवढेच.

या धड्याचे व्यावहारिक रूप सोपे आहे. प्रत्येक दुव्यापुढे आधार लिहावा. ‘कागदावरून’, ‘प्रत्यक्ष ओळखणाऱ्याने सांगितल्यावरून’, ‘ऐकीव’ आणि ‘अनुमान’ अशा चार प्रती ठरवून त्यांच्या खुणा वंशवृक्षावरच दाखवाव्या. परिशिष्टात दडवू नयेत. दत्तक दुवा निराळ्या रेघेने काढावा व शक्य तेथे जनक घराणेही द्यावे. दुसऱ्याच्या वंशावळीतून घेतलेला भाग त्याच्या नावाने द्यावा. कारण एका वहीतील अनुमान दुसऱ्या वहीत उतरले की माहिती होते आणि तिसऱ्या वहीत उतरले की परंपरा होते. मग तिन्ही वह्या एकमेकींचा पुरावा म्हणून दाखविल्या जातात, वस्तुतः साक्षीदार एकही नसतो.

काटेकोरपणाची खरी परीक्षा मात्र अप्रिय माहितीच्या वेळी होते. दुसरा विवाह, टाकून दिलेली पत्नी, बदललेले आडनाव, कर्जापायी सोडलेले गाव या गोष्टी गाळण्याचा मोह होतो. जिवंत व्यक्तींची खाजगी माहिती प्रसिद्ध न करणे हा शिष्टाचार आहे. परंतु दुवाच बदलणे हे असत्य आहे. न सांगणे आणि खोटे सांगणे यांतील सीमा संशोधकाला एकट्यानेच राखावी लागते.

स्त्रियांच्या बाबतीत तर परिभाषेनेच अन्याय केला आहे. जुन्या वंशवृक्षांत पुत्रांच्याच फांद्या काढण्याची रीत आहे, आणि ज्याला केवळ मुली झाल्या त्याच्या नावाखाली ‘निर्वंश’ असे लिहिले जाते. ‘निपुत्रिक’ आणि ‘निःसंतान’ हे समानार्थी शब्द नव्हेत. तीन मुलींच्या पित्याला निर्वंश म्हणणे हा शब्दाचा सैल वापर नसून वस्तुस्थितीचा विपर्यास आहे. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलल्याने एकाच स्त्रीच्या दोन व्यक्ती होतात, किंवा माहेरचे नाव न मिळाल्याने ती केवळ ‘पत्नी’ म्हणून उरते. माहेरचे नाव, गाव व पित्याचे नाव शोधून लिहिणे हे म्हणूनच सौजन्याचे काम नव्हे. ते अचूकतेचे काम आहे.

याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना हक्क दिला. अशा स्थितीत मुलींना वगळणारी वंशावळ वारसाच्या प्रकरणात पुढे आली तर तिची चूक कोणाच्या तरी हिश्श्याची चूक ठरते. जातीच्या दाखल्यासाठीही वंशावळ शपथेवर द्यावी लागते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुने कागद, मोडी वाचक आणि घरातील वंशावळींच्या वह्या यांना एकाएकी मोल आले. मोल आले की मोहही येतो. नोंदीतील व्यक्ती आपला पूर्वज असावी या इच्छेने केलेला एक दुवा खऱ्या हक्कदाराच्या नोंदीवरही संशय आणतो. ज्या वहीत आधाराच्या खुणा पूर्वीपासून, कोणताही लाभ डोळ्यांसमोर नसताना केलेल्या असतात, तीच वही अशा वेळी विश्वासाला पात्र ठरते.

८. समारोप

हौशी वंशसंशोधकाकडून विद्यापीठीय परिभाषेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्याच्याजवळ असे काही असते जे विद्यापीठाजवळ नसते : घरातील ट्रंकेतले कागद, वृद्ध आत्यांची स्मरणशक्ती आणि भावकीतील जाणेयेणे. ही साधने नाशवंत आहेत व ती गोळा करण्याचे काम त्यानेच करावयाचे आहे. अभ्यासकांनी, विशेषतः पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, अशा वह्यांना उपहासाने दूर न सारता त्यांतील दुवे एकेक करून तपासावे. व्यक्तिनामांचा, नातेवाचक शब्दांचा व दप्तरी परिभाषेचा अभ्यास करण्यास वऱ्हाडातील या वह्यांसारखे साधन दुर्मिळ.

संशोधकानेही एवढे मानावे की, वंशवृक्षातील रिकामी जागा ही कुळाची नामुष्की नाही. अजिंठ्याच्या लेखातील पुसट अक्षरांच्या जागी ‘वाचता येत नाही’ एवढेच कोणी लिहून ठेवले असते, तर सर्वसेन आणि विंध्यसेन यांची जागा त्यांच्यासाठी मोकळी राहिली असती. वाशीमचा ताम्रपट येईपर्यंत ती परक्या नावांनी अडविली गेली. प्रत्येक घराण्यात असा एखादा सर्वसेन असतो. कधी तो मुली असलेला ‘निर्वंश’ पुरुष असतो, कधी एकत्र कुटुंबाच्या नोंदीत हरवलेला धाकटा भाऊ असतो. त्याची जागा दुसऱ्याला न देणे, हे वंशावळ लिहिणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.